शौकाची मशीन

मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काम करायचं तर ऊन चढायच्या आत. म्हणून मारुती पहाटेच उठायचा, चूळ भरून शेडचं दार उघडायचा आणि आत गेल्यावर मशीनकडे बघायचा नाही. आधी भुसा झाडायचा. मग पाण्याची बाटली भरून खांबाला टांगायचा. मग कोपऱ्यात आडव्या रचलेल्या फणसाच्या फळ्यांवरून हात फिरवायचा. करण्यासारखं दुसरं काहीच उरलं नाही की मगच मशीनवरची ताडपत्री काढायचा. ज्याच्याशी बिनसलंय तोच पाहुणा म्हणून घरात येऊन बसावा, तसं त्याला तिच्यासमोर उभं राहताना व्हायचं.

मारुती मूळचा जुन्नरकडचा. चुलत्याच्या मागे सुतारकीला इकडे आला, तेव्हा टिटवाळ्यात देवळाच्या आसपास वस्ती आणि पुढे सगळी भातखाचरं होती. आता शेडच्या पाठीला इमारती उभ्या राहिल्या होत्या. त्यातली माणसं तयार पलंग टेम्पोतून आणवायची. मारुतीकडे कोणी आलंच तर दाराची बिजागरी निसटली म्हणून. त्याचं खरं काम ठाण्याच्या जुन्या गिऱ्हाइकांवर चालायचं.

आणि त्यात त्याचा उजवा खांदा धरला होता. सदरा घालताना मालनला बाही पुढे धरावी लागे. कल्याणच्या डॉक्टरनं हात फिरवून बघितला आणि म्हणाला, "रंधा बंद करा आता." मीठ कमी करा म्हणावं इतक्या सहज.

मशीन घ्यायचं तेव्हाच ठरलं. मालन इमारतींमधल्या एकट्या राहणाऱ्या पोरांना भाकऱ्या करून द्यायची. त्यातून ती भिशी भरत होती. भिशी लागली की घरघंटी घ्यायची, दळण घरच्या घरी, शेजारपाजारचंही करून द्यायचं, असं तिच्या डोक्यात होतं. भिशी लागली तेव्हा मारुतीनं दोन दिवस जाऊ दिले. मग जेवताना म्हणाला, "आधी मशीन घेऊ. खांदा राह्यला तर घरघंटी बी येईल."

मालननं ताटातली भाकरी मोडली, कालवणात बुडवली. "घ्या की मंग," ती म्हणाली.

कल्याणच्या दुकानात सेल्समननं दोघांना स्टुलावर बसवलं, थंड दिलं. एक पांढरी हलकी लाकडी पट्टी मशीनवरून सरकवली. पट्टी काचेसारखी गुळगुळीत निघाली. त्यानं ती मालनच्या हातात दिली. "बघा ताई, गालासारखी आहे की नाही? कापा, रंधा मारा, भोकं पाडा, सगळं एकीतच. काकांच्या खांद्याला सुट्टी."

खांद्याला सुट्टी. त्या शब्दानं मारुती विकला गेला. मशीनच्या पत्र्यावर बोटानं टिचकी मारली तेव्हा तो पातळ वाजला होता. ते त्याला ऐकू आलं होतं. पण त्यानं दुसऱ्यांदा टिचकी मारली नाही.

*

घरी आणल्यावर मशीननं पाट-पोळपाटाएवढी कामं बरी केली. मग एका गिऱ्हाइकाची सागाची चौकट घेतली आणि मशीन गरम झाली. जळकट वास आला, पट्टा घसरला. कापताना आधाराची पट्टी हळूहळू तिरकी होई. गुण्या लावून बघावं तर काटकोन कुठल्या कुठे.

"सेटिंगची गोष्ट हाय," मारुती म्हणाला.

दुकानातून माणूस आला. त्यानं चहा घेतला आणि सांगितलं, "तुमच्याकडे व्होल्टेज कमी आहे. स्टॅबिलायझर लावा." स्टॅबिलायझर आणला. मग पाती बोथट आहेत म्हणाला. पाती आणली. मग तो माणूस फोन उचलेनासा झाला.

मालन विचारायची नाही. शेडच्या दारात चहा ठेवायची आणि मशीनकडे बघायची. तिनं विचारलं असतं तर मारुतीला चिडता तरी आलं असतं.

शेवटी एके दिवशी तो पट्टा आणि आधाराच्या पट्टीची घसरणारी कळ पिशवीत घालून कल्याणला गेला. तो सेल्समन सोडून गेला होता. गल्ल्यापाशी नवी मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र. तिनं कॉम्प्युटरवर बघितलं.

"काका, तुम्ही धंद्यासाठी वापरता का ही?"

"मंग कशासाठी?"

"त्यामुळेच होतंय. ही हॉबी मशीन आहे."

"म्हंजी?"

मुलगी जरा अडखळली. मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं सांगितलं, "म्हणजे शौकाची हो. रिटायर झालेले लोक घरात करतात ना, पक्ष्यांची घरटी वगैरे."

दुकानात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मारुतीनं पट्टा परत पिशवीत भरला. गाठ मारायला गेला तर उजवा हात वर येईना, तेव्हा त्या मुलीनंच गाठ मारून दिली.

घरी आल्यावर मालननं विचारलं, "काय म्हनले?"

"बघतो म्हनले."

*

फणसाच्या फळ्या बाळकुमच्या सुहासिनीबाईंच्या. त्या शाळेत शिकवायच्या. त्यांचे यजमान हरिहरराव बँकेतून निवृत्त झालेले. दोघांचं बैठं घर होतं, अंगणात फणस. घराच्या जागी इमारत आली तेव्हा फणस पाडावा लागला. हरिहररावांनी त्याच्या फळ्या पाडून घेतल्या आणि भावाच्या गोदामात नीट वाळत ठेवल्या. नव्या फ्लॅटमध्ये त्याचं जेवणाचं टेबल करायचं होतं. सहा माणसांचं. खुर्च्या त्यांनी आधीच घेऊन ठेवल्या होत्या.

"फळ्या मोजक्याच आहेत, मारुती," फळ्या टेम्पोत चढवताना हरिहरराव म्हणाले होते. "दुसरं झाड नाही."

"काळजी करू नका साहेब. मशीनवर एकसारखं निघेल."

असं तो म्हणाला होता. तेव्हा त्याला मशीन कशी आहे ते पुरतं माहीत झालं होतं. पण खांदाही माहीत होता.

त्या दिवशी वीज टिकून होती. पहिली फळी मशीनवर चढवली. सुरुवात छान झाली. पिवळा भुसा फुलासारखा उडू लागला, शेडमध्ये फणसाचा गोडसर वास भरला. मारुतीला वाटलं, आज ती ऐकतेय. फळीचं शेवटचं टोक आलं आणि वजनानं मशीनचा पुढचा पत्रा दबला. खर्र असा आवाज झाला. फळी हातात उसळली.

त्यानं मशीन बंद केली. फळी उलटी करून बघितली. टोकाजवळ खड्डा पडला होता, बोट बुडेल असा.

तिथंच थांबायचं होतं. हे त्याला नंतर रोज वाटत राहिलं. तिथं थांबला असता तर एकच फळी गेली असती. पण त्यानं पत्र्याखाली लाकडी ठोकळा सारला, स्क्रू आवळले, स्वतःशीच म्हणाला, "आता हलत न्हाई." आणि दुसरी फळी चढवली. ठोकळा निसटला. दुसऱ्या फळीला तर मधोमधच चर गेला. गाठीपाशी लाकूड उचकटून ढलपी उडाली आणि शेडच्या पत्र्यावर आपटली.

आवाज ऐकून मालन पिठाच्या हातानं धावत आली. आधी तिनं त्याची बोटं बघितली. सगळी जागेवर होती. मग फळ्या बघितल्या.

"दुसरी कशाला घातली?" ती म्हणाली.

मारुती जमिनीवर बसला. घाम मानेवरून पाठीत उतरत होता आणि त्यावर भुसा चिकटत होता. मालननं बाटली त्याच्यापुढे धरली. पीठ लागून बाटली पांढरी झाली.

*

फोनवर सांगता आलं असतं. पण त्यानं खराब झालेल्या फळीचा तुकडा कापून पिशवीत घातला आणि ठाण्याला गेला. माजिवड्याला बसमधून उतरला. तिथून बाळकुमपर्यंत रिक्षा मिळत होत्या, तरी चालत निघाला. जितका उशीर होईल तितका बरा.

हरिहररावांनी तुकडा हातात घेतला. खड्ड्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले.

"किती फळ्या?"

"दोन, साहेब."

"दोन्ही एकदमच गेल्या?"

मारुती म्हणाला, "न्हाई. एक गेल्यावर दुसरी घातली."

सुहासिनीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "म्हणजे पहिली बिघडल्याचं दिसलं, तरी दुसरी घातलीत? मारुती, अहो लहान मुलं तरी इतकं..." त्या थांबल्या. पदरानं चष्मा पुसू लागल्या.

"मी तुम्हाला ओरडणार नाही," हरिहरराव म्हणाले. "पण उरलेल्या फळ्या परत पाठवा. आम्ही दुसरीकडे बघतो."

एवढ्या वर्षांत कोणी मारुतीकडून लाकूड परत मागवलं नव्हतं. उभ्या उभ्या त्याला कानात गरम झाल्यासारखं झालं.

"साहेब, चार माणसांचं टेबल होईल त्यात. मी करून देतो. मजुरी नको."

"मजुरीचा प्रश्न नाही हो."

"हातानं करीन. मशीन लावणार न्हाई."

"खांदा दुखतो ना तुमचा?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"दुखतो."

नवराबायकोनं एकमेकांकडे बघितलं. सुहासिनीबाई म्हणाल्या, "हातानंच करणार असाल तर करा. पण आधी कबूल करा, नाही जमलं तर नाही जमलं म्हणून सांगाल. झाकून ठेवणार नाही."

"कबूल," मारुती म्हणाला. जिना उतरताना कठडा धरून उतरला.

*

मोठा रंधा माळ्यावरून काढला. त्याच्या पुढच्या अंगाला आडवी दांडी असते. एकानं मागून ढकलायचं, दुसऱ्यानं दांडीला दोरी बांधून पुढून ओढायचं. चुलता होता तेव्हा मारुती ओढायचा. आता ओढायला कोणी नव्हतं. त्यानं नाक्यावर माणूस बघितला, पण लग्नसराई होती, माणसं मांडवाच्या कामाला गेली होती.

"मी ओढते," मालन म्हणाली.

"तुला न्हाई जमायचं."

"भाकऱ्या थापून थापून हात काय मेनाचं झाल्यात का? दोरी द्या."

पहिल्या दिवशी काहीच जमलं नाही. ती झटका देऊन ओढायची, रंधा उडायचा, मारुतीच्या खांद्यात कळ जायची. तो ओरडायचा, "हळू! म्हैस ओढतीयस का?" ती दोरी टाकून द्यायची. "मंग मशीनला सांगा, ती ओढंल." मग पुन्हा दोरी.

दुसऱ्या दिवशी मारुतीनं ढकलायची रीत बदलली. उजवा हात नुसता ठेवायचा, जोर डाव्या हाताचा आणि छातीचा. मालननं तळव्यांना जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या. पाय मागं रोवून, कंबरेतून ती मागं झुकायची, आणि रंधा एका दमात फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. लांबलचक पिवळी साल सुटायची, वेटोळं घालत तिच्या पायावर पडायची.

"आत्ता," मारुती म्हणायचा. ती ओढायची. "आत्ता." ती ओढायची.

शुक्रवारी दिवसभर वीज नव्हती, शेडमधला पंखाही बंद. पत्र्याचा जाळ डोक्यावर उतरायचा. मालनच्या तळव्याला फोड आले, फुटले, पट्टी रक्तानं डागाळली. फळीला डाग लागू नये म्हणून ती हात फळीपासून लांब धरूनच पाणी प्यायची. भाकऱ्यांची गिऱ्हाइकं या दिवसांत तुटली. त्यातल्या एकानं दुसरीकडे डबा लावला, तसं कळवूनही टाकलं. मारुतीनं ते ऐकलं. मशीनकडे बघितलं. तिच्यावर ताडपत्री होती आणि ताडपत्रीवर मालननं वाळायला घातलेला टॉवेल.

टेबल झालं. पोचवायला मारुती स्वतः गेला. पाय जोडून उभं केलं. दोन माणसांच्या त्या घरात ते शोभून दिसत होतं, पण खुर्च्या सहा होत्या. चार आत सरकल्या, दोन भिंतीपाशी राहिल्या.

"या दोन आता कुठे ठेवायच्या?" हरिहरराव म्हणाले. रागानं नव्हे. खरंच विचारत होते.

सुहासिनीबाईंनी टेबलावर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. "अंगणातला रंग आहे," त्या म्हणाल्या. मग मजुरीचं पाकीट पुढे केलं. मारुतीनं नको म्हटलं. त्यांनी ते त्याच्या खिशात घातलं. "तुमच्या बायकोच्या हाताला औषध आणा. मालनबाईंनी ओढलं ना? तुम्हीच फोनवर सांगितलंत."

भिंतीपाशी ठेवलेल्या त्या दोन खुर्च्या मात्र घरी येईपर्यंत त्याच्या डोळ्यांसमोरून हलल्या नाहीत.

*

पावसाच्या तोंडावर मारुतीनं टिटवाळ्याच्या हार्डवेअरवाल्याला सांगून ठेवलं, मशीन काढायची आहे. चारच दिवसांत प्रीतमचा फोन आला. प्रीतम ठाण्याकडच्या साइटवर फर्निचरच्या ठेकेदाराकडे कामाला होता. मारुती त्याला तिथूनच ओळखायचा. आता त्यानं ती नोकरी सोडली होती, आंबिवलीला गाळा घेतला होता.

"काका, नवीन नाही परवडत आपल्याला. तुमची चालू आहे ना?"

"चालू हाय."

रविवारी तो टेम्पो घेऊनच आला. मारुतीनं मशीन पुसून ठेवली होती. प्रीतमनं बटण दाबलं. मशीन गुरगुरली. मारुतीनं एक पांढरी हलकी पट्टी काढून ठेवली होती, ती त्यानं वरून सरकवली. पट्टी काचेसारखी निघाली.

"एक नंबर," प्रीतम म्हणाला. "मग विकताय कशाला?"

"खांदा धरलाय. आता काय काम व्हायचं माझ्यानं."

ते अर्धं खरं होतं, म्हणून तोंडातून सहज गेलं. प्रीतमनं टेम्पोवाल्याला हाक मारली. दोघांनी मशीन दोन्ही बाजूंनी धरली, उचलली, शेडच्या दारापर्यंत आणली. मारुती पुढे होऊन दार धरून उभा होता. अजून दहा पावलं आणि ती गेली असती.

मालन घरातून आली आणि दारात आडवी उभी राहिली.

"ठेवा ती खाली," ती म्हणाली.

"काय झालं काकी?"

"नेऊ नको. जड लाकूड चालत न्हाई तिच्यावर. पत्रा दबतो. आमच्या गिऱ्हाइकाच्या दोन फळ्या खाल्ल्या तिनं."

प्रीतमनं मशीन खाली ठेवली. त्यानं मालनकडे बघितलं आणि मग मारुतीकडे. "खरं का काका?"

मारुतीच्या डोक्यात रागाची तिडीक गेली. बायकोनं परक्या माणसासमोर उघडं पाडलं. तो म्हणणार होता, तिला काय कळतंय. सेटिंगची गोष्ट आहे. शब्द जिभेवर तयार होते, वर्षभर तेच तर बोलत आला होता. पण प्रीतम नुसता उत्तराची वाट बघत उभा होता, घामेजलेला, हाताला मशीनचं वंगण लागलेलं. मारुती जे सांगेल ते तो खरं मानणार होता.

"खरं हाय," मारुती म्हणाला. "वाईट मशीन हाय. शौकाची हाय, धंद्याची न्हाई. मी फसलो."

बोलून झाल्यावर त्याला शेडच्या खांबाला टेकावंसं वाटलं. टेकला.

प्रीतमनं हाताचं वंगण पँटला पुसलं. मग म्हणाला, "मग आत्ता पट्टी चालवून दाखवलीत ती?"

"मला बी तशीच दाखवलीवती."

"म्हणजे मला पण टोपी घालणार होतात तुम्ही." तो हसला नाही. "मी तुम्हाला मानायचो काका." टेम्पोवाला भाड्याचं विचारू लागला, तेव्हा मारुतीनं खिशात हात घातला. प्रीतमनं त्याचा हात बाजूला केला. "राहू द्या." आणि टेम्पोत जाऊन बसला.

टेम्पो गल्लीतून वळेपर्यंत मारुती खांबाला टेकून होता. मशीन दारातच होती, ना आत ना बाहेर.

"का बोललीस?" त्यानं विचारलं. "गेली असती. तुझी घरघंटी आली असती."

मालन पायरीवर बसली. तळव्याची जुनी खपली नखानं खरवडत राहिली.

"त्याची बायको आलीवती संगं," ती म्हणाली. "टेम्पोत पुढं बसलीवती, उतरली न्हाई. पोटुशी हाय. मी पानी द्यायला गेले तर मांडीवर पिशवी. पिशवीत नारळ, हळदकुंकू, हार. मशीन नेऊन गाळ्यात ठेवली की लगेच पूजा करायची म्हनली. मला म्हनली, काकी, तुमच्या हातनं कुंकू लावून द्याल का, तुमच्याकडं लाभली हाय."

मारुतीनं दारातल्या मशीनकडे बघितलं.

"मी काय लावनार होते?" मालन म्हणाली.

वाऱ्यानं शेडचा पत्रा खडखडला. कुठंतरी लांब पावसाचा वास होता, पण अजून थेंब नव्हता. मारुती खांबापासून सुटला. मशीनच्या एका बाजूला जाऊन वाकला, डावा हात खाली घातला.

"दुसरीकडून धर," तो म्हणाला. "भिजंल."

"भिजू दे."

"भंगारवाला तरी घेईल. धर."

ती उठली. दोघांनी मिळून मशीन उचलली. पावलापावलानं, मध्ये दोनदा टेकवत, त्यांनी ती आत कोपऱ्यात नेली. मालन कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. श्वास जागेवर आला तेव्हा म्हणाली, "भूक लागली."

"भाकरी हाय का?"

"पीठच न्हाई. गिरणी बंद आज."

"मंग भात टाक," मारुती म्हणाला आणि तिच्यामागं घरात गेला.